मोटारीला बंडीचा टेपर

३ जानेवारी १९५५, मूल (जि. चांदा)

आज आपल्या दारात मोटार आली. दोन बैलांनी ओढून आणली हे खरं, पण मोटार ती मोटार. सकाळपासून शेडसमोर अर्धं गाव जमलं होतं. मी मुद्दाम हातात पाना घेऊन उभा राहिलो.

मोटार मोहडोंगरीच्या राजेसाहेबांची. जमीनदारी सरकारने घेतली, मोटार तेवढी त्यांच्याकडे राहिली. तीही एका कंपनीची नाही. पुढचा भाग लढाईनंतरच्या लिलावातला, मिलिटरीचा. मागचा भाग त्यांच्या वडिलांच्या लग्नातल्या गाडीचा, मखमली गादीसकट. समोरून पाहिली तर भीती वाटते, मागून पाहिली तर वऱ्हाड आल्यासारखं वाटतं. ज्या मिस्त्रीने हे दोन भाग जोडले तो देवाघरी गेला. त्यामुळे हिचा सुटा भाग जगातल्या कुठल्याही दुकानात मिळत नाही.

मोडला आहे तो स्टेअरिंगचा आर्म. पुढेमागे माझं नाव झालं तर लोक ही वही वाचतील, म्हणून समजावून लिहितो. स्टेअरिंगच्या पेटीतून एक लोखंडी हात निघतो आणि खाली लोंबतो. त्याच्या टोकाला निमुळतं भोक असतं. त्या भोकात बॉलची निमुळती दांडी घट्ट बसते, बॉलला लांब रॉड असतो, आणि तो रॉड पुढची चाकं वळवतो. सगळा खेळ त्या भोकाच्या टेपरचा, म्हणजे निमुळतेपणाचा. दांडी भोकात जरा जरी हलली तरी मोटार भटकते.

राजेसाहेब म्हणाले, "मुखरू मिस्त्री, महाशिवरात्रीले मले याच मोटारीत बसून मार्कंड्याच्या जत्रेले जायचं हाय. जमीनदारी गेली म्हणून राजा बंडीत बसला, असं लोकायनं म्हणाले नाई पायजे."

मी म्हटलं, "पोचली समजा जी."

हे मामाजींनी ऐकलं. मामाजी म्हणजे माझे सासरे, भैयाजी. सगळ्या तालुक्यात त्यांच्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकांना नाव आहे. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली चाकाच्या तुंब्याला, म्हणजे मधल्या गोल ठोकळ्याला, भोकं पाडली. मग बल्लारशाला जाऊन लोखंड कातायचा लेथ शिकलो, जुना लेथ आणला आणि त्यांच्याच शेडमध्ये बसवला. त्यांना तो लेथ पाहवत नाही. ते चार माणसांदेखत म्हणाले, "जवाईबापू, मोटार मार्कंड्याले पोचली तं हे शेड तुमचं. नाई पोचली तं लेथ भंगारात, अन् तुमी परत माह्या हाताखाली. पटते का?"

पटते म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

४ जानेवारी

माझी बायको रुखमा या पैजेवर रागावली आहे. दुपारी भाकर आणली तेव्हा एवढंच म्हणाली, "लेथ गेला तं आपल्याले माह्या बापाच्या मागच्या खोलीत राहावं लागंन. वयनीच्या हुकमात. मले नाई जमनार, सांगून ठेवते."

मी म्हटलं, तुझा नवरा टर्नर आहे. ती म्हणाली, "त्याचाच घोर हाय ना जी." माझी फार काळजी करते बिचारी.

८ जानेवारी

डोमा लोहाराने जुन्या आसाच्या तुकड्यातून आर्म ठोकून दिला. छान दिला, पण लोहार तो लोहार, खरं काम माझं.

टेपर मोजला, निमुळतं भोक कोरायचा रिमर लेथवर तयार केला. मोठ्या तोंडापासून लहान तोंडापर्यंत हळूहळू, तेल सोडत, श्वास रोखून. बाहेर मामाजींचे लोक मुद्दाम घण आपटत होते. मी लक्ष दिलं नाही. निमुळतं भोक हे या हाताचं जन्माचं काम आहे. बंडीचा तुंबासुद्धा निमुळताच असतो: बंडीच्या अंगाकडे मोठं तोंड, बाहेर चाक अडवणाऱ्या खिळीकडे लहान तोंड. आतून मोठं, बाहेरून लहान. हात आपोआपच तिकडे वळला. डोळे मिटूनसुद्धा केलं असतं.

मग दांडी भोकात कुठे कुठे टेकते ते पाहायला तिला शेंदूर लावला. मारुतीच्या देवळातून वाटीभर मागून आणला होता. दांडी भोकात फिरवून बाहेर काढली. शेंदूर सगळीकडे सारखा लागलेला, एक ठिपकासुद्धा सुटलेला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे कुणाला तरी दाखवावं म्हणून रुखमेला हाक मारली. तिने भोकात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "अन् बॉल कोन्या बाजूनं येते?"

मी तिला टेपर म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून सांगितलं. घरी गेलो तेव्हा भात गार झाला होता.

११ जानेवारी

आर्म बसवताना थोडी अडचण आली. बॉलचा रॉड बाहेरच्या बाजूला आहे, आणि माझ्या भोकाचं मोठं तोंड आतल्या बाजूला. जुन्या मिस्त्रीने रॉड बाहेरून का नेला असेल देव जाणे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहीत नाही.

आर्म पालटून बसवावा तर वरच्या टोकाचे दाते एकाच बाजूने बसतात. मग मी रॉडच आतून घेतला. पण आत खाली धक्के झेलणारे कमानीचे पट्टे आहेत, रॉड त्यांना घासायला लागला. तासभर डोकं धरून बसलो. आणि एकदम सुचलं! आर्म खाली लोंबवायचाच कशाला? वर उभा करावा. वर जागाच जागा आहे. दाते बसले, दांडी बसली, रॉड कुठंही घासत नाही. शिवाय जंगलच्या रस्त्यावर दगड लागून आर्म मोडतो, ती भीतीच गेली. जगातल्या सगळ्या मोटारींचे आर्म खाली लोंबतात, माझा पहिला वर उभा आहे. हे कुणाला कसं सुचलं नाही याचं नवल वाटतं.

मी मोटारीखाली पडलो आणि रुखमेला स्टेअरिंगचं चाक फिरवायला सांगितलं. पुढची चाकं लोण्यासारखी फिरली. कुठून कुठे फिरली ते विचाराल तर खाली उताणं पडल्यावर उजवंडावं कुठं समजतं? फिरली हे महत्त्वाचं.

१४ जानेवारी, संक्रांत

आजच्या दिवशी गोड बोलायचं असतं, म्हणून गुणवंतरावबद्दल थोडक्यात लिहितो. गुणवंतराव म्हणजे राजेसाहेबांचा ड्रायव्हर. खाकी कोट, पितळी बटनं, मिशीला तूप. मला मोटार चालवता येत नाही, पण मी लेथवाला आहे, मला त्याची गरजही नाही. त्याला मात्र त्याचाच पगार मिळतो.

शेडमधून निघून उजवीकडे बाजाराकडे जायचं होतं. गुणवंतरावने उजवीकडे चाक फिरवलं. मोटार डावीकडे गेली. त्याने आणखी उजवीकडे फिरवलं. मोटार आणखी डावीकडे गेली आणि मामाजींच्या तयार चाकांच्या ढिगात घुसली. चाकं सुटली ती उतारावरून तलावाकडे निघाली. हळदीकुंकवाला निघालेल्या बायका वाण टाकून पळाल्या. मामाजी चाकांच्या मागे धावले आणि चाकं मामाजींच्या पुढे धावली. शेवटचं चाक संध्याकाळी देवळाच्या पायरीवर सापडलं.

गुणवंतराव उतरला आणि म्हणाला, "मोटार ऐकून नाई राह्यली."

मी म्हटलं, "मोटार कानानं ऐकत नाही, हातानं ऐकते. हात सुधार."

भोक तपासलं. एवढ्या धक्क्यानंतरही दांडी जागची हललेली नाही.

१९ जानेवारी

लाकडाच्या ठेकेदाराचा ट्रक ड्रायव्हर बोलावला. चांद्यापासून अलापल्लीपर्यंत याच्यासारखा हात नाही म्हणतात. त्याने बिडी पेटवली, चाक धरलं, तलावाच्या पाळीवरून जाताना चाक डावीकडे घेतलं, आणि मोटार उजवीकडच्या तलावात गेली. सावकाश गेली, म्हशी जातात तशी.

तो बाहेर आला. बिडी अजून तोंडातच होती, विझलेली. तो तसाच ओल्या कपड्यांनी चांद्याच्या रस्त्याला लागला. ट्रक इथेच ठेवून गेला.

आजकाल ड्रायव्हर लोकांत काही दम राहिला नाही. बैलांनी मोटार काढली. मामाजींनी बैल दिले आणि वर म्हणाले, "बैल कसे, उजवा कासरा वढला का उजवीकडेच जातेत."

हे मला टोचून बोलणं होतं, पण त्यातला टोमणा काही कळला नाही.

२२ जानेवारी

गावात उठवलं आहे की मोटारीत भूत आहे. राजेसाहेबांच्या आत्याबाईंनी लिंबू-मिरची पाठवली, ती मी पुढे टांगली. रुखमेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "भूत असतं तं एखाद्या डाव तरी चुकून बरोबर गेली असती."

मग दुपारी माझं जेवण होईपर्यंत ती मोटारीत जाऊन बसली. चाक इकडे फिरवी, खाली वाकून टायर पाही, तिकडे फिरवी, पुन्हा टायर पाही. मग एकटीच हसायला लागली. डोळे पुसपुसून हसली. या घोरात तिला हसताना पाहून मला बरं वाटलं. माझा आर्म इतका हलका फिरतो, त्याचा आनंद झाला असणार.

"एक सांगू का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, टेपरबद्दल सोडून काहीही सांग. तिने माझं ताट उचललं. मग म्हणाली, "काई नाई. मावशीले भेटून येते म्हनलं घाटावर. जाऊ का?"

लेथ जायची वेळ आली आणि हिला मावशी आठवते. पण म्हटलं जा.

२३ जानेवारी

लिहिण्यासारखं काही नाही. मामाजींनी आज शेडची लांबी काठीने मोजली. मी लेथ पुसला आणि तेल घातलं. लेथला यातलं काही माहीत नाही, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

२७ जानेवारी

रुखमा परत आली. बंडीत तिच्यासोबत एक माणूस. कोलू, वैनगंगेच्या घाटावरचा ढिवर. जन्मभर डोंगा, म्हणजे लाकडाची होडी, चालवतो. आता नदीचं पाणी उतरलं, काम कमी आहे, म्हणून काहीतरी पाहा म्हणाली. मी म्हटलं, नावाड्याला मोटारीत काय काम? बरं, धुवायला तरी होईल.

धुता धुता तो चाकाजवळ बसला. रुखमा शेडच्या दाराशी उभी होती. कोलूने चाक इकडेतिकडे करून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुमी सांगतलं तसंच हाय जी. मागचं वल्हं तिकडे लोटलं का डोंगा इकडे. हे तं आपलंच हाय!"

अडाणी माणसाला सगळीकडे डोंगाच दिसतो. मी गुणवंतरावला म्हटलं, याला गिअर दाखव, जरा गंमत. गुणवंतरावने दाखवला. कोलूने मोटार काढली आणि मोटार गेली! शेडमधून बाजाराकडे, बाजारातून देवळाला वळसा, तलावाच्या पाळीवरून परत. कुठे खरचटली नाही. माणसं रस्त्यावर उभी राहून पाहत होती. गुणवंतरावने टोपी काढली आणि खाली बसला.

मी आधीपासून सांगत होतो. खरा हात सापडला की खरा आर्म बोलतो.

२ फेब्रुवारी

कोलूचा हात उत्तम, पण सवयी डोंग्याच्या. आधी तोल पाहतो. काल मामाजींचा जाडा पाहुणा एका बाजूला बसला तर म्हणाला, "मधात सरका भाऊ, कलंडून राह्यली." पाऊस नाही, पाणी नाही, तरी पायाशी एक टिनाचा डबा ठेवतो, पाणी उपसायला. ब्रेक वापरत नाही. म्हणतो, डोंग्याले कुठी ब्रेक असते? थांबायचं असलं की मोटार तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगावर चढवतो आणि म्हणतो, "लागली काठाले. उतरा."

राजेसाहेबांना हे पसंत आहे. म्हणाले, दगडावर थांबण्यापेक्षा तणसावर थांबणं राजाला शोभतं. रोज एक बंडी तणस पुढे पाठवायचं ठरलं.

११ फेब्रुवारी

गुणवंतरावने गुपचूप मोटार काढून पाहिली. चिंचेला लागला. चिंचेला फार काही झालं नाही. लाकडाच्या ठेकेदाराकडे नोकरी शोधतो म्हणाला. राजेसाहेब दयाळू, ते म्हणाले, जत्रेपर्यंत कोट घालून पुढे बस, लोकांना वाटू दे ड्रायव्हर तूच.

महाशिवरात्र

झोपायच्या आधी सगळं लिहून ठेवतो.

सकाळी निघालो. पुढे कोलू, त्याच्या शेजारी कोट घालून गुणवंतराव. मागे मखमली गादीवर, कोलूच्या हुकमाने अगदी मधोमध, राजेसाहेब. मी पायाशी पाना घेऊन. मामाजी आणि रुखमा बंडीने आधीच पुढे गेले होते. रस्त्यात बंड्याच बंड्या, सगळी जत्रा मार्कंड्याला निघालेली. लोक राजेसाहेबांना जोहार करत होते आणि राजेसाहेबांचा चेहरा असा झाला होता, जणू जमीनदारी परत मिळाली. मला मात्र एकेक वळणाला वाटे, हे वळण गेलं की शेड आपलं. रुखमेचं घर तिचं. मी मार्कंड्याला नारळ बोललो. मग आणखी एक बोललो.

घाटाचा उतार आला. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला बंड्यांची रांग, आणि रांगेत शेवटची बंडी मामाजींची. बंडीत रुखमा बसलेली, मांडीवर शिदोरी. वळण डावीकडे होतं. कोलूने चाक उजवीकडे लोटलं. ते पाहून गुणवंतरावच्या मनात काय आलं कोण जाणे. "अबे मरतो!" असा ओरडला आणि त्याने चाक धरून डावीकडे ओढलं. मोटार सरळ मामाजींच्या बंडीवर निघाली.

मी रुखमेचा चेहरा पाहिला. तिने डोळे मिटले नाहीत. ती ओरडली, "त्याले सोड! कोलूभाऊ, तुमचंच वल्हं!"

कोलूने गुणवंतरावच्या मनगटावर टिनाचा डबा हाणला. "वल्ह्याले हात लावू नोको!" चाक सुटलं, त्याने पुन्हा उजवीकडे लोटलं आणि मोटार डावीकडे वळून बंडीच्या चाकाला चाटून खाली वाळूत गेली. मामाजींचा बैल कान हलवून उभा राहिला, एवढंच. मी पाना हातातून कधी टाकला ते आठवत नाही. राजेसाहेब मधोमधच होते.

उतरून मी रुखमेपाशी पळालो. ती म्हणाली, "मोटार पाहा जी, मले का झालं?" मी मोटार पाहिली. दांडी घट्ट होती. पण खरं सांगतो, त्या वेळी दांडी सुटली असती तरी मला चाललं असतं.

पुढे नदी. दोन डोंगे बांधून वर फळ्या टाकल्या होत्या, मोटार त्यांवर चढवली. कोलूचा भाऊ जंगू मागे वल्ह्यावर. कोलू मोटारीतून उतरलाच नाही. पूर्ण नदी पार होईपर्यंत तो चाक फिरवत बसला आणि डोंगा बरोबर गेला. इंजिन बंद, टायर फळीवर. तरी माझ्या आर्मचा पाण्यावर कसा परिणाम झाला, याचं कारण अजून सापडलेलं नाही. शोधून लिहीन.

दुपारी मार्कंड्याला पोचलो. कोलूने मोटार वाळूच्या ढिगावर चढवली आणि मोठ्याने म्हणाला, "लागली काठाले!" राजेसाहेब उतरले. जत्रेतली माणसं बाजूला झाली, जशी पूर्वी व्हायची. राजेसाहेबांनी डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी दोन्ही नारळ फोडले.

दुसऱ्या दिवशी

मामाजींची बंडी आमच्यानंतर मार्कंड्याला पोचली. आज सकाळी मामाजी मोटारीजवळ आले. माझा आर्म वर उभा असल्यामुळे खाली पडावं लागत नाही, वाकलं की दिसतो. दांडी काढून दाखवा म्हणाले. मी काढली. त्यांनी अंगठा भोकात घातला, फिरवला, दुसऱ्या बाजूने घातला, परत फिरवला. मग तसेच वाळूत बसले.

"आतून मोठं, बाहेरून लहान," ते म्हणाले. "हे तं आपल्या तुंब्याचं भोक हाय!"

मी म्हटलं, "हो जी."

"मले वाटे, लेथवर गेले तं माह्या शिकवनीवर थुकले. अन् तुमी मोटारीलेही बंडीचंच भोक पाडलं!" म्हातारा रडायला लागला. त्यांच्याजवळ बसून मीही रडलो. अकरा वर्षांत त्यांनी माझ्या एका भोकाला चांगलं म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "शेड तुमचं. लेथही ऱ्हाऊ द्या. जगात जेवढ्या मोटारी असतीन, तेवढ्यायले असंच भोक पाडा."

रुखमा पलीकडे चूल फुंकत होती. तिला जोराचा ठसका लागला. धूर फार होता.

६ मार्च

शेडवर पाटी लागली. कोलू राजेसाहेबांकडे कायमचा ड्रायव्हर झाला. दुसरं कुणी ती मोटार नेऊ शकत नाही, त्यामुळे चोरीची भीती नाही असं राजेसाहेब सगळ्यांना सांगतात. माझ्या आर्मचा हा फायदा मला आधी दिसला नव्हता.

आता ठेकेदाराने त्याची जीप पाठवली आहे, तिलाही आर्म करायचा आहे. काल संध्याकाळी रुखमा शेडमध्ये आली आणि लेथवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "मले एक पायजे होतं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. मी म्हटलं, लुगडं घेऊ? ती म्हणाली, "लुगडं नोको. या जीपच्या भोकाचं मोठं तोंड बाहेरून ठेवा. अन् आर्म खाली लोंबू द्या. मले तसं पाहाची हौस हाय."

मी पुष्कळ समजावलं. मामाजी काय म्हणतील तेही सांगितलं. ती म्हणाली, "बाबाले मी पाहून घेईन. एवढी हौस पुरवा माही." बायकांच्या हौशीला काही कारण असतं का? पण घाटाच्या उतारावरचा तिचा चेहरा आठवला आणि मी हो म्हटलं. आज भोक पाडलं. हात तीनदा चुकीच्या बाजूला गेला, म्हणजे बरोबर बाजूला गेला, आणि मी त्याला ओढून आणला. शेंदूर लावून पाहिला. छान लागला. टेपरचा बिचाऱ्याचा काय दोष!

७ मार्च

व्हायचं तेच झालं. मोटार पारखायला माझा सगळ्यांत चांगला हात म्हणून कोलूला बोलावलं. तो जीपमध्ये बसला, तलावाच्या पाळीवर चाक उजवीकडे लोटलं, आणि जीप उजवीकडच्या तलावात गेली. कोलू टिनाचा डबा घेऊन पाणी उपसत बसला. पहिल्यांदाच त्याचा उपयोग झाला. वर येऊन म्हणाला, "मिस्त्री, हिचं वल्हं उलटं हाय जी." आर्म बिघडला की कोलूसारख्यालाही मोटार आवरत नाही, हे आज सिद्ध झालं.

बैलांनी जीप काढली. संध्याकाळी ठेकेदाराचा नवा ड्रायव्हर ती न्यायला आला. पाहतो तर गुणवंतराव! मी त्याला स्पष्ट सांगितलं, भोक बायकोच्या हौशीचं आहे, जपून ने. त्याने हात जोडले, घाबरत घाबरत बसला, उजवीकडे चाक फिरवलं, उजवीकडे वळला, आणि चांद्याच्या रस्त्याने सरळ निघून गेला. वळणावर भोंगा वाजवला. गुणवंतरावला मी उगीच नावं ठेवली. कोलूला जमलं नाही ते त्याने करून दाखवलं. बिघडलेली मोटारही जो सरळ नेतो, तो खरा ड्रायव्हर.

घरी आलो. रुखमा तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "कसं झालं जी माह्या हौशीचं भोक?"

तलावाचं मी काही सांगितलं नाही. म्हटलं, "एकदम बरोबर झालं. यापुढे सगळी भोकं तुझ्याच म्हणण्याप्रमाणे करीन." धंदा बुडाला तर बुडाला. मामाजींच्या मागच्या खोलीत जायला ती तयार नव्हती, पण माझ्या लेथजवळ येऊन उभी राहिली, एवढं पुष्कळ आहे. तिचं मन मोडायचं नाही.

तिने पदर तोंडात धरला आणि उठून आत गेली. बराच वेळ तिचे खांदे हलताना दिसत होते. फार भरून आलं असावं.